दीक्षेच्या मांडवाला लाखो, सेमिनरीच्या पाकिटात सुटे पैसे?

वाडीवाला | रविवार, रात्री ९:१२

मंडळी, आज जरा मन मोकळं करतो. चुकलं तर कान धरा.

यंदा मला धर्मग्रामाच्या (एका चर्चभोवतीच्या ख्रिस्ती समाजाच्या) वित्त समितीवर घेतलंय. पात्रता एवढीच, की मला बेरीज येते आणि मिस्सेनंतर घरी पळायची घाई नसते. आज उत्तम मेंढपाळाचा रविवार, म्हणजे पाचारणासाठी (मुलामुलींना धर्मगुरू-सिस्टर होण्याची हाक यावी म्हणून) प्रार्थनेचा दिवस. सेमिनरीतल्या ब्रदरांसाठी (धर्मगुरू व्हायला शिकणाऱ्या मुलांसाठी) दान म्हणून मागच्या आठवड्यात पाकिटं वाटली होती, ती आज परत आली. साक्रिस्तीत (वेदीलगतच्या खोलीत) आम्ही चौघांनी बसून फोडली. दहाच्या नोटा बऱ्याच. विसाच्या काही. एकात पाचशेची, तीही चार घड्या घालून, जणू कुणी पाहू नये. आणि तीन पाकिटं रिकामी, पण डिंक लावून नीट बंद केलेली! त्यांचं मला हसू आलं नाही. रिकामा हात दिसायला नको म्हणून माणूस काय काय करतो.

एकूण रक्कम सांगत नाही, लाज वाटते. पण एक तुलना डोक्यातून जात नाही. डिसेंबरात आमच्याच गावातल्या एका मुलाची गुरुदीक्षा झाली. तीन दिवस मांडव. बँड. बाराशे पानं उठली. चर्चबाहेरच्यांना दिसावं म्हणून मोठा स्क्रीन. कॅलिसच्या (मिस्सेतल्या पेल्याच्या) आकाराचा केक. नव्या फादरांच्या हातावर जी पाकिटं पडली त्यात एकही दहाची नोट नसावी. कॅटररचं बिल मी पाहिलंय, कारण ते वाढवण्यात माझाही हात होता. 'कोळंबी हवीच' म्हणणारा मीच.

तो मुलगा बारावीनंतर गेला होता. दहा वर्षं. त्या दहा वर्षांत गावाने त्याच्यासाठी काय केलं, असं मी आज स्वतःला विचारलं. उत्तर त्या पाकिटांत होतं.

प्रश्न दोन. तुमच्याकडे सेमिनरीसाठी दान कसं गोळा होतं? आणि लोकांनी हौसेने, नियमित द्यावं म्हणून कुठे काही जमलंय का? (धर्मग्रामाचं नाव मुद्दाम देत नाही. उत्तर वसई एवढं पुरे.)

---

थेटबोल | रविवार, रात्री ९:४०

वाडीवाला, भावना पोचल्या. पण दुसरी बाजू मांडतो, रागावू नका.

धर्मप्रांताकडे (बिशपांच्या हाताखालच्या सगळ्या धर्मग्रामांकडे मिळून) शाळा आहेत, जागा आहेत. वाडीत राबणाऱ्या माणसाकडे केळीच्या भावाची चिंता आहे. त्याने का द्यायचं? आणि दिलं तर ते ब्रदरच्या पुस्तकावर गेलं की पॅरिश हाऊसच्या रंगावर, हे त्याला कोण सांगतं? मला पंचवीस वर्षांत कुणी सांगितलेलं नाही. ज्या दिवशी सांगतील त्या दिवशी माझं पाकीट जाड होईल.

आणि एक. मुलगा आठ वर्षांनी सोडून घरी आला तर? पैसे परत?

---

जुनी_घंटा | सोमवार, पहाटे ५:२०

थेटबोल, बाबा, तुझ्या वयात मीही असंच बोलायचो.

माझ्या लहानपणी घरात रोकड नसायची. वाडीत केळीचा पहिला चांगला घड उतरला की आई तो चर्चमध्ये न्यायची. मिस्सेनंतर पायरीवर लिलाव. घड आमचा, बोली शेजाऱ्याची, आणि पैसा चर्चचा. पुढच्या वर्षी शेजाऱ्याचा घड, बोली आमची. कुणी किती दिलं हे सगळ्या गावाला माहीत, आणि कुणालाच काही वाटायचं नाही, कारण सगळेच देत. पाकीट आलं आणि देणं गुपचूप झालं. गुपचूप झालं म्हणून कमी झालं, असं माझं मत. पटो न पटो.

बाकी ज्या धर्मगुरूंना आपल्या आजोबा-पणजोबांनी असं पोसलं त्यांनी नुसती मिस्सा नाही म्हटली. १९१८ साली पापडीत बसीन कॅथॉलिक बँक उभी राहिली ती मोन्सिन्योर मोनीस यांच्या पुढाकाराने. सावकाराच्या दारातून शेतकऱ्याला उठवायला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो पाण्यासाठी आणि झाडांसाठी रस्त्यावर उतरले, 'सुवार्ता' मासिक चालवलं, आणि २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ही माणसं आकाशातून पडली नाहीत, कुणीतरी त्यांची फी भरली होती.

---

पानवेल | सोमवार, सकाळी ८:०५

वाचतेय. रिकाम्या पाकिटांचं वाचून पोटात कालवलं.

---

खतावणी | सोमवार, दुपारी १:३०

माझा धंदा हिशोबाचा, आणि चर्चची खातीही काही वर्षं पाहिलीत. म्हणून थेटबोल यांच्या प्रश्नांना जरा सविस्तर.

'का द्यायचं?' चर्चचा कायदा, म्हणजे १९८३ चा कॅनन लॉ, याचं ओझं फक्त बिशपांवर टाकत नाही. कलम २३३ म्हणतं की पाचारणं जोपासणं हे सगळ्या ख्रिस्ती समाजाचं कर्तव्य. कलम २६४ प्रमाणे बिशप सेमिनरीसाठी धर्मप्रांतातल्या संस्थांवर चक्क कर बसवू शकतात. हेही नवं नाही. सेमिनरी ही संस्थाच मुळी ट्रेंट इथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेने १५६३ साली सांगितली, आणि त्याच ठरावात पैसा कुठून उभा करायचा तेही सांगितलं. त्यातली एक ओळ मला फार आवडते, माझ्या शब्दांत सांगतो: गरिबांची मुलं आधी घ्या, श्रीमंतांच्या मुलांना ना नाही, पण त्यांनी आपला खर्च आपण करावा. साडेचारशे वर्षांपूर्वी!

'खर्च कसला?' लोकांना वाटतं जेवण आणि खोली. २०१६ साली रोमने नवे नियम काढले त्याप्रमाणे आधी एक-दोन वर्षं पूर्वतयारी, मग किमान दोन वर्षं तत्त्वज्ञान, चार वर्षं ईशज्ञान (थिऑलॉजी), आणि डीकन (फादरच्या आधीची पायरी) होऊन प्रत्यक्ष धर्मग्रामात काम. आपल्याकडे मध्ये पदवी असते, रीजन्सी (अभ्यास थांबवून बाहेर प्रत्यक्ष काम) असते. दहा वर्षं सहज. आपली मुलं कुणी गोरेगावला सेंट पायसमध्ये, कुणी पुण्याला. तिथे शिकवणाऱ्यांचं मानधन, ग्रंथालय, दवाखाना, वीज, गळकं छप्पर, सगळं त्यात आलं. शिवाय शिकवणारे फादर आधी कुठेतरी पाच-सात वर्षं शिकून आलेले असतात, तो खर्च कुणीच धरत नाही.

'हिशोब कोण देतं?' इथे मी थेटबोल यांच्या बाजूचा. कलम १२६७ स्पष्ट आहे: ज्या कारणासाठी दान दिलं त्याच कारणासाठी ते वापरायचं. सेमिनरीचं पाकीट रंगावर गेलं तर ती चूकच. आणि कलम १२८७ प्रमाणे लोकांनी दिलेल्या पैशांचा हिशोब लोकांना द्यायचा असतो. प्रत्येक धर्मग्रामात वित्त समिती असावी हे कलम ५३७. म्हणजे हिशोब विचारणारा माणूस उद्धट नसतो. वाडीवाला, आता तुम्ही समितीत आहात. चेंडू तुमच्या अंगणात.

एक व्यावहारिक सूचना. देताना पावतीवर 'सेमिनरी निधी' असं लिहून घ्या. नुसतं 'दान' लिहिलं की ते सगळ्यात मिसळतं. आयकराच्या ८०जी सवलतीची मात्र फार आशा धरू नका. एकाच धर्मासाठी असलेल्या कामाला ती सहसा बसत नाही.

---

थेटबोल | सोमवार, दुपारी २:१०

कलमं पाठ दिसतात! बरं, पावतीचा मुद्दा पटला. सोडून येणाऱ्याचा प्रश्न अजून हवेत आहे.

---

शेजारीण | सोमवार, सायंकाळी ६:४५

मी ख्रिस्ती नाही, पण सासर वसईचं आणि वाडीच्या कुंपणापलीकडे तुमचीच घरं. एक विचारू? माझे आजोबा गुहागरकडचे. लहानपणी शिकायला परगावी गेले ते वारावर जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. जिथे वार मिळाला नाही त्या दिवशी माधुकरी. ते म्हणत, ज्या घरात जेवलो ती सात घरं मला अजून तोंडपाठ आहेत, पण परीक्षेला काय लिहिलं ते आठवत नाही. तुमच्याकडे तसं काही असतं का? म्हणजे अमुक घराने अमुक मुलाचा भार घ्यायचा?

---

खतावणी | सोमवार, सायंकाळी ७:२०

शेजारीणताई, लाखाचं बोललात. जवळ जाणारी सोय आहे, तिला 'बर्स' म्हणतात. एखादं कुटुंब रक्कम ठेव म्हणून देतं, बहुतेक आईवडिलांच्या स्मरणार्थ. मूळ रक्कम हलवायची नाही, व्याजावर एका ब्रदरच्या खर्चाला हातभार. कल्पना सुंदर. अडचण महागाईची. कुणाच्या आजोबांनी पाच हजार ठेवले असतील तर सहा टक्क्यांनी वर्षाला तीनशे रुपये. त्या काळी पाच हजारात जमीन येत असेल. आज तीनशेत चपलांचा जोड येत नाही. आजोबांच्या नावाची पाटी तशीच आहे, म्हणून नातवंडांना वाटतं आपलं घर अजून देतंय. ज्यांच्या घरी अशी जुनी बर्स असेल त्यांनी तिच्यात भर घालावी, हे आजवर मला कुणी बोललेलं ऐकू आलं नाही, म्हणून मीच बोलतो.

---

अर्ध्या_वाटेवरून | सोमवार, रात्री ११:५०

थेटबोल यांचा प्रश्न हवेत आहे म्हणतात. तो माझ्या अंगावर पडलाय, म्हणून लिहितो. इथे पाच वर्षं नुसता वाचक आहे, हा पहिलाच प्रतिसाद.

मी सहा वर्षं सेमिनरीत होतो. तत्त्वज्ञान झालं, रीजन्सी झाली, ईशज्ञानाचं पहिलं वर्ष संपता संपता निघालो. कुणी काढलं नाही, काही भानगड नाही. माझ्या मार्गदर्शक फादरांबरोबर वर्षभर बोलून, प्रार्थना करून कळलं की हे माझं नाही. सेमिनरी त्यासाठीच असते. आत येणारा प्रत्येक जण फादर होऊनच बाहेर पडावा असा तो कारखाना नाही. न पटलेला माणूस दीक्षा घेऊन बसला तर पुढची चाळीस वर्षं त्याची किंमत कोण मोजतं? गावच ना?

घरी परतलो तो दिवस विसरत नाही. स्टेशनवरून एसटी पकडली आणि गावाच्या फाट्यावर न उतरता मुद्दाम एक थांबा पुढे उतरलो. वाडीच्या पायवाटेने मागच्या दाराने घरात. आईने काही विचारलं नाही, पेज वाढली. दुसऱ्या दिवशी दुकानात एक मावशी म्हणाल्या, "एवढे पैसे घातले रे गावाने तुझ्यावर." तेव्हा गावाने किती घातले होते ते मला माहीत नव्हतं. आज वाडीवालांच्या पाकिटांचा हिशोब वाचून कळलं, तेवढे काही नव्हते! (हसतोय, राग नाही.)

पण ऋण आहेच. ज्यांनी दिलं त्यांच्यातल्या कुणाचंही नाव मला माहीत नव्हतं, आणि त्यांना माझं. तिथेच गाडी अडते असं वाटतं. आम्ही सुट्टीत गावी यायचो, मिस्सेला पुढच्या बाकावर बसायचो, लोक 'ब्रदर, कसे आहात' म्हणायचे आणि जायचे. ताईंच्या आजोबांसारखी सात घरं आम्हाला कधी मिळाली नाहीत. पैसा मिळाला, घर मिळालं नाही.

सध्या शाळेत शिकवतो. सेमिनरीत शिकलेलं रोज वापरतो. दर महिन्याला पाचशे रुपये सेमिनरी निधीत टाकतो, पावतीवर तसं लिहून घेऊन. परतफेड म्हणा हवं तर.

---

पानवेल | मंगळवार, सकाळी ६:३०

अर्ध्या वाटेवरून, तुम्ही एक थांबा पुढे उतरलात ते वाचून रडू आलं. असं कुणी पुन्हा उतरू नये.

---

थेटबोल | मंगळवार, सकाळी ९:००

प्रश्न मागे घेतो. उत्तर मिळालं. क्षमस्व, भाऊ.

(जागा आणि शाळांचा मुद्दा मात्र मागे घेतलेला नाही. नोंद असावी.)

---

नाखवा | मंगळवार, दुपारी ३:१५

आम्ही बंदरावरचे. आमच्यात पाकीट चालत नाही, ओल्या हाताने भिजतं.

आमच्याकडे काही बोटींवाल्यांनी ठरवलंय: ऑगस्टात बंदी उठली, नारळ देऊन दर्यात गेलो, की पहिल्या चांगल्या फेरीत एक वाटा चर्चचा धरायचा. खलाशांचे वाटे, बोटीचा वाटा, जाळ्याचा वाटा असतात तसाच. त्यातून थोडे सेमिनरीला. फेरी रिकामी गेली तर देवाचाही वाटा रिकामा. त्यालाही दर्या कळतो.

अडचण एक. जून-जुलै बंदीत आमच्या घरात येणं शून्य. नेमकी त्याच सुमारास शाळेची फी, आणि चर्चची पाकिटंही तेव्हाच दोन-तीन येतात. रिकामी पाकिटं बंद करून देणारे आमच्यातलेही असतील. ज्यांनी तारखा ठरवायच्या त्यांनी भरती-ओहोटी बघून ठरवाव्यात.

---

वाडीवाला | मंगळवार, रात्री १०:०५

नाखवा, हे माझ्या डोक्यात कधीच आलं नसतं. आमच्याकडेही तसंच. लगीनसराईत फुलांना भाव, चाफा-मोगरा दादरला पोचला की हातात पैसा. पावसाळ्यात सगळा चिखल. वर्षातून एकदा, एकाच रविवारी मागणं म्हणजे ज्याच्याकडे त्या आठवड्यात नसेल त्याला वगळणंच झालं.

---

मालवणी_माणूस | बुधवार, सकाळी ७:५०

तुमी वसईकार नशीबवान. बाराशे पानां! आमच्याकडे अख्ख्या धर्मग्रामात तितकी माणसां नाय.

आता सगळ्यांना कळावं म्हणून सरळ मराठीत. आमचा सिंधुदुर्ग धर्मप्रांत २००५ मध्ये पुणे धर्मप्रांतातून वेगळा झाला. वसईचा १९९८ मध्ये मुंबईतून. तुम्ही मोठ्या घरातून वाटणी घेऊन निघालात, आम्ही लहान घरातून. विस्तार एवढा, की एका फादरांना रविवारी घाटवळणं घेत दोन-तीन ठिकाणी मिस्सा करावी लागते. आमच्या चर्चमधून गेल्या कित्येक वर्षांत एकच मुलगा गेलाय. त्याच्यासाठी आम्ही काय देतो? रोख थोडी. पण मे महिन्यात तो सुट्टीवर आला की परतताना त्याच्याबरोबर जातं ते बघा: तांदूळ, कुळथाचं पीठ, सोलं, नारळ, सुके बांगडे. रिक्षात तो मावत नाही. सेमिनरीच्या स्वयंपाकघरातल्या मावशींना म्हणे आमच्या मुलाची सुट्टी कधी संपते ते कॅलेंडरवर लिहून ठेवावं लागतं.

त्याला 'आमचो' म्हणतात सगळे. अगदी ज्या घरचा वेगळा देव आहे तेही.

---

जुनी_घंटा | बुधवार, सकाळी ८:३०

हा झाला खरा मेंढपाळाचा रविवार. कुळथाचं पीठ!

---

सिस्टरची_बहीण | बुधवार, दुपारी १२:१०

धागा छान चाललाय, मोडता घालायचा नाही, पण कुणीतरी बोलायला हवं म्हणून. माझी धाकटी बहीण कॉन्व्हेंटात आहे. तिच्या शिक्षणासाठी कुठलं पाकीट निघतं? तिच्या अंतिम शपथेला गावातून अकरा माणसं होती, घरची धरून. स्क्रीन नव्हता. केक मी केला होता.

संन्यस्त संघ आपापल्या सदस्यांचा खर्च करतात हे माहीत आहे. धर्मप्रांताच्या ब्रदरांसाठीचा निधी वेगळा, मान्य. पण मुलगी 'दिली' आणि मुलगा 'अर्पण केला' असं आपण बोलतो ना, तिथेच सगळं आलं.

---

वाडीवाला | बुधवार, दुपारी १:००

ताई, उत्तर नाही माझ्याकडे. समितीत विषय काढतो. खरंच काढतो.

---

चौलकर | बुधवार, रात्री ८:४०

+१. आमच्याकडे रेवदंडा-कोर्लईच्या बाजूला वस्त्या लहान, मुलं मुंबईला नोकरीला. पाचारणं फार दुर्मीळ. पैशाआधी मुलं हवीत, असं वाटत राहतं.

अवांतर: मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा पोर्तुगीज निघून गेले. त्यानंतर या किनाऱ्यावर लोकांजवळ राहिले ते मुख्यत्वे देशी पाद्री. मातीतले धर्मगुरू नसते तर आज आपण या धाग्यावर नसतो.

---

जुनी_घंटा | बुधवार, रात्री ९:२५

चौलकर, अवांतर नाही हो, मुद्द्याचंच. त्याला जोडून एक सांगतो, मला हे कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

आपला संत गोन्सालो गार्सिया. जन्म वसईचा, वडील पोर्तुगीज, आई इथली. जपानात व्यापार करता करता फ्रान्सिस्कन ब्रदर झाला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर पंचवीस साथीदारांसह क्रुसावर गेला. १८६२ मध्ये संत जाहीर झाला. एवढं गास गावच्या आणि वसई किल्ल्यातल्या त्याच्या सणाला आपण दरवर्षी ऐकतो.

आता पुढचं. १८८९ मध्ये त्याच नागासाकीचे बिशप, फ्रेंच मिशनरी, मायदेशातल्या दोन बायकांना पत्र लिहितात: स्थानिक मुलं धर्मगुरू व्हायला तयार आहेत, पण पैशाअभावी मला त्यांना परत पाठवावं लागतंय. त्या दोघी म्हणजे फ्रान्समधल्या काँ शहरातल्या स्तेफानी आणि जान बिगार, मायलेकी. त्यांनी मदत गोळा करायला सुरुवात केली, आणि त्यातून 'सेंट पीटर द अपोसल' ही संस्था उभी राहिली. १९२२ मध्ये पोपनी ती आपली म्हणून स्वीकारली. मिशन देशांतल्या सेमिनरींना आजही तिच्याकडून मदत जाते, आशिया-आफ्रिकेत सगळीकडे.

वसईच्या मुलाचं रक्त जिथे सांडलं त्या गावचं पत्र. दोन बायकांनी ते फाडून टाकलं नाही.

---

थेटबोल | बुधवार, रात्री ९:५०

हे माहीत नव्हतं. दंडवत, आजोबा.

तरी कलम ४२० लावू नका, विचारतोच: बाहेरून मदत येत असेल तर आम्ही कशाला?

---

खतावणी | बुधवार, रात्री १०:३०

बाहेरची मदत कायमची कशी धराल? परदेशी देणगीचे नियम २०२० पासून आणखी कडक झालेत. नोंदणी लागते, पैसा दिल्लीतल्या ठरावीक बँक शाखेतच यावा लागतो, एका संस्थेने दुसरीला द्यायला बंदी. आणि तिकडची चर्चेसही रिकामी होत चाललीत. शिवाय त्या सेंट पीटर संस्थेच्या पेटीत आपणही टाकायचं असतं, घेणाऱ्यानेही द्यायचं असतं. पुण्याच्या पेपल सेमिनरीचं पाहा. १८९३ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी ती श्रीलंकेतल्या कँडीला काढली, १९५५ मध्ये पुण्यात आली. हेतू हाच की भारताचे पुत्रच भारताचे धर्मगुरू व्हावेत. पुत्र इथले आणि फी मात्र तिकडची, असं किती दिवस?

---

व्यवस्थापक | गुरुवार, सकाळी १०:००

धागा चांगला चालू आहे. चर्चच्या जमिनींविषयीचे तीन प्रतिसाद हलवले आहेत, तो विषय वेगळ्या धाग्यावर आधीच पेटलेला आहे. कृपया कुणा फादरांचं किंवा ब्रदरचं नाव घेऊन किस्से टाकू नयेत.

---

सोनचाफा | गुरुवार, दुपारी ४:२०

मला लिहायला जमत नाही, मुलीकडून टाइप करून घेते.

माझा मुलगा सेमिनरीत आहे, पाचवं वर्ष. आम्ही फुलांची वाडी करतो. मिस्टरांचा विचार होता की आपण काही भरायचं नाही, देवाला मुलगा दिला, आणखी काय द्यायचं. मी म्हटलं, मुलगा देवाचा होता, फी आपली आहे. म्हणून जमेल तशी भरतो. पूर्ण जमत नाही. उरलेली कोण भरतं ते मला आज या लिखाणातून नीट कळलं. पाचशेची चार घड्या घातलेली नोट ज्याने टाकली त्याला माझा नमस्कार सांगा.

दोन गोष्टी सांगाव्या वाटतात. एक, ब्रदर सुट्टीत आला की त्याला सारखे सणाला, वाढदिवसाला बोलवू नका, फोटोत उभं करू नका. घरी बोलवा, साधं जेवायला, आणि त्याला ताट धुवू द्या. तो सारखा 'ब्रदर' असतो, थोडा वेळ पोरगा राहू दे. दोन, दीक्षेला केक नको. मी आत्ताच सांगून ठेवते. अजून पाच वर्षं आहेत, तोवर कुणाला आठवणार नाही, म्हणून लेखी.

---

नाखवा | गुरुवार, सायंकाळी ५:००

मावशी, केक नाही. सुरमई चालेल का?

---

सोनचाफा | गुरुवार, सायंकाळी ५:४०

सुरमई चालेल.

---

वाडीवाला | रविवार, रात्री ८:३० (पाच आठवड्यांनी)

धागा वर काढतोय. समितीत काय झालं ते सांगायचं होतं.

पहिल्या बैठकीत अपेक्षेप्रमाणे दोघे म्हणाले, 'आहे तसं चाललंय की.' एक जण म्हणाला, बोर्डावर आकडे लावले आणि कमी दिसले तर धर्मग्रामाची इज्जत जाईल. मी म्हटलं, जाऊ द्या. फादर गप्प बसून ऐकत होते, मग एवढंच बोलले की माझ्या दीक्षेला झालेल्या खर्चाची मलाही आजवर लाज वाटते. त्यानंतर फार चर्चा उरली नाही.

ठरलं ते असं. वर्षातून एकदाचं पाकीट बंद. त्याऐवजी छोटी वही, ज्याला हवी त्याने न्यावी, महिन्याला वाटेल ते, ज्या महिन्यात नाही त्या महिन्यात रेघ. रेघेबद्दल कुणी विचारायचं नाही. (नाखवा, ही तुमची भरती-ओहोटी.) पावतीवर 'सेमिनरी निधी'. दर तीन महिन्यांनी दारावरच्या बोर्डावर जमा किती, पाठवले किती, धर्मप्रांताची पोच. दीक्षेचा मांडव एक दिवसाचा, आणि कॅटररला जेवढे जातील त्याचा दहावा भाग निधीत. हे शेवटचं मंजूर करताना मला कोळंबीवरून बरंच ऐकावं लागलं. सिस्टर होणाऱ्या मुलींसाठी वहीत वेगळा रकाना ठेवलाय. ताई, रकाना लहान आहे, पण छापील आहे.

आणि शेजारीणताईंच्या आजोबांची सात घरं. सध्या आमचे दोन ब्रदर आहेत. मे महिन्यात प्रत्येकासाठी सात घरांनी एकेक वार घेतला. कुणी तिसरं माणूस बोलवायचं नाही, फोटो नाही. एका घरात ब्रदरने ताट धुतलं आणि फोडलं, असा निरोप आलाय.

पहिल्या महिन्यात एकूण बावीस वह्या गेल्या. जमा रक्कम पाकिटांपेक्षा थोडीच जास्त. खोटं कशाला बोलू.

---

थेटबोल | रविवार, रात्री ८:५५

तेविसावी वही मला ठेवा. बोर्डावर पहिला आकडा लागला की पेन उघडेन, आधी नाही.

---

पानवेल | रविवार, रात्री ९:१०

एक अगदी साधा प्रश्न. आमच्याकडे यंदा सुकेळी (सुकवलेली केळी) भरपूर झालीत. मालवणी भाऊंचं कुळीथ जातं तशी आमची सुकेळी सेमिनरीत पाठवली तर चालतील का, की मुलांना अवघड होईल?

---

सोनचाफा | रविवार, रात्री ९:३५

पाठवा बाई. पण एकट्या माझ्या मुलाच्या नावाने नको. त्याच्या मजल्यावर तेवीस मुलं आहेत, कुणी ओडिशाचं, कुणी झारखंडचं, त्यांच्या घरून काही येत नाही. तेवढ्यांना पुरतील अशी बांधा, वर 'सगळ्यांसाठी' लिहा. मी बुधवारी जाणार आहे, सकाळच्या लोकलने. मंगळवारी रात्रीपर्यंत माझ्या ओट्यावर आणून ठेवा.